अक्का ऐकत नाहीत, म्हणजे नेमकं काय ऐकत नाहीत?

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातली मुलगी. बी.एस्सी. नर्सिंग करून बेळगावातल्या शंभर खाटांच्या एका खासगी दवाखान्यात लागली, त्याला आठ महिने झाले. आता तिला इव्हिनिंगची शिफ्ट इनचार्ज केलंय. वॉर्डात अठरा वर्षं काढलेल्या एक ए.एन.एम. (म्हणजे सहायक नर्स-मिडवाइफ) अक्का आहेत. त्या तिला ‘कॉलेज’ म्हणून हाक मारतात, ग्लोव्ह्ज घाला म्हटलं की हसतात. डॉक्टरांना काही विचारायचं असलं तर तेही इनचार्जला सोडून अक्कांनाच विचारतात. दोघी जी.एन.एम. (जनरल नर्सिंग-मिडवाइफरीचा डिप्लोमा केलेल्या) सिस्टर अक्कांच्या बाजूच्या. ‘शिकून उपयोग काय, मला मान कसा मिळेल?’ असं तिनं विचारलंय.

वयानं तू माझ्या धाकट्या मुलीएवढी असशील, म्हणून सरळ तू म्हणते. राग मानू नकोस.

मी ए.एन.एम. होते, जी.एन.एम. होते, पुढे नोकरीतच डेप्युटेशनवर पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं आणि नर्सिंग सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झाले. तेव्हाचा दीड वर्षाचा ए.एन.एम. कोर्स संपवून जांबोटीच्या पुढच्या एका सब सेंटरला, म्हणजे गावातल्या सरकारी आरोग्य उपकेंद्राला लागले, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. म्हणजे तू ज्या अक्कांबद्दल लिहिलंयस ती अक्का मी होते, आणि जी तू आहेस तीही मी होते. दोन्हीकडून चुकले आहे, त्यामुळे कुणा एकीची बाजू घेऊन उत्तर देणं मला जमणार नाही.

आधी एक गोष्ट. सब सेंटरला असताना एक बाळंतीण घेऊन मी रात्री जीपनं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आले होते. पावसाळा, कणकुंबीकडचा रस्ता, पोचायला अडीच तास लागले. वाटेत तिचं बी.पी. मी तीनदा घेतलं होतं, कागदावर वेळ घालून लिहिलं होतं. लेबर रूममधल्या सिस्टरनं कागद हातात न घेता विचारलं, ‘तू फक्त ए.एन.एम. ना?’ त्या ‘फक्त’नं मला जेवढं लागलं तेवढं नंतर कुणाच्या शिवीनंही लागलं नाही. पुढं आठ-दहा वर्षांनी मी स्वतः स्टाफ नर्स झाले आणि एका दुपारी, एका ए.एन.एम. बाईला, अगदी तोच शब्द वापरला. तोंडातून गेल्यावर कळलं. माफी मागितली का? नाही मागितली. इनचार्ज बघत होती, म्हणून.

तेव्हा मान कसा मिळेल हे विचारण्याआधी जरा वेगळं विचारून बघ. अक्का ऐकत नाहीत, म्हणजे नेमकं काय ऐकत नाहीत? तुझ्या पत्रात तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात. ‘कॉलेज’ ही हाक, ग्लोव्ह्ज न घालणं, आणि डॉक्टरांनी अक्कांना विचारणं. यातली पहिली सोडून देण्याजोगी आहे. दुसरी अजिबात सोडू नकोस. तिसरीत तर तुझा अपमान झालेलाच नाही. तिन्हींना एकच उत्तर शोधशील तर तुझं नक्की बिघडणार.

तिसरीपासून सुरू करते, कारण ती समजली की बाकीचं सोपं जातं.

डॉक्टर अक्कांना का विचारतात? जी.एन.एम. आणि बी.एस्सी. अशा पदव्या बघून कुठलाही डॉक्टर राऊंडला येत नाही. त्याला पेशंटनं काय सांगितलं ते हवं असतं, आणि पेशंट अक्कांना सांगतो. आपल्या बेळगावच्या वॉर्डात एका रांगेत काय काय भाषा असतात बघ. खानापूरची मराठी, चिकोडी-हुक्केरीची कन्नड, लोंढ्याकडनं आलेली कोकणी, दरबार गल्लीतली दखनी. अक्का या चारही बोलतात, आणि त्यांना कुणी शिकवलेलं नाही. त्याची नोंद ना तिच्या सर्टिफिकेटवर, ना पगाराच्या स्लिपवर.

एकदा कणकुंबीकडचे एक आजोबा मेडिकल वॉर्डात आले. ‘जीव कसानुसा होतंय’ एवढंच म्हणत होते. शुगरचा पेशंट. नवीन मुलीनं फाईलवर ‘अशक्तपणा’ अशा अर्थाचं लिहिलं आणि पुढच्या खाटेकडं गेली. तिची चूक म्हणत नाही मी, कारण पुस्तकातला हार्ट ॲटॅक छातीवर हात ठेवून येतो. तिथली एक ए.एन.एम. अक्का बेडशीट घेऊन चालली होती. तिनं विचारलं, ‘बाबा, कसानुसा म्हणजे पोटात काय वर?’ आजोबांनी गळ्याकडं बोट दाखवलं. अक्कानं कपाळ पुसून बघितलं, घाम थंड होता. बेडशीट खुर्चीवर टाकली आणि ई.सी.जी.चं मशीन ओढत आणलं. शुगरवाल्यांना आणि वयस्कांना छातीत न दुखताही ॲटॅक येतो, हे त्या नवीन मुलीला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलंही असेल. पण ‘कसानुसा’ या शब्दात ते दडलंय हे तिला ठाऊक नव्हतं. अक्काला ठाऊक होतं. त्या दिवशी दोघींच्या डोक्यातलं एकत्र आलं असतं तर दहा मिनिटं वाचली असती.

म्हणून डॉक्टर अक्कांना विचारतात तेव्हा तिथंच उभी राहा आणि ऐक. आणि डॉक्टर गेल्यावर तेच इनचार्ज म्हणून तू लिही, ‘अमुक यांनी सांगितल्याप्रमाणे’ असं अक्कांचं नाव घालून. फाईलीत आपलं नाव आलेलं अक्कांनी अठरा वर्षांत किती वेळा बघितलं असेल, विचार त्यांना.

आता पदव्यांचं. तुमच्या वॉर्डात कोण कुणाच्या वर, याचा हिशेब बहुतेक मुलींच्या डोक्यात चुकीचा बसलेला असतो. ए.एन.एम. आता दोन वर्षांचं, जी.एन.एम. तीन वर्षांचं, बी.एस्सी. चार वर्षांचं. पण कौन्सिलच्या रजिस्टरला जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोघींची नोंद रजिस्टर्ड नर्स आणि रजिस्टर्ड मिडवाइफ अशीच होते. सरकारी स्टाफ नर्सच्या जागेला दोघीही चालतात, वेतनश्रेणी एकच. म्हणजे त्या दोघी जी.एन.एम. सिस्टर तुझ्या ‘खालच्या’ नाहीत. तू इनचार्ज आहेस ती मेट्रननं, म्हणजे सगळ्या नर्सच्या प्रमुखानं, ड्यूटी चार्टवर तुझं नाव लिहिलं म्हणून. उद्या त्यांचं लिहिलं तर त्या. हे एकदा मनात नीट बसलं की त्यांच्याशी बोलतानाचा तुझा आवाज आपोआप खाली येईल, आणि मला वाटतं निम्मं भांडण तिथंच संपेल. त्या अक्कांच्या बाजूला गेल्यात याचं कारण अक्कांवरचं प्रेम असेलच असं नाही. तू त्यांनाही अक्कांबरोबर एकाच टोपलीत टाकलंस, हे कारण असू शकतं.

ए.एन.एम.ची नोंद मात्र वेगळी, नावातच ‘सहायक’ आहे, आणि तिच्या कामाची हद्दही वेगळी. ती हद्द खरी आहे, ती मी पुसणार नाही. पण खासगी दवाखान्यात गंमत अशी, की माणसं कमी पडली की अक्का ‘सिस्टर’ असते आणि पगाराच्या दिवशी ‘ए.एन.एम.’ असते. नाईटला एकटीवर वीस पेशंट टाकताना कुणी तिची हद्द विचारत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा जुना हिशेब आहे, टीचिंग हॉस्पिटलच्या जनरल वॉर्डात तीन पेशंटला एक नर्स, इतर दवाखान्यांत पाचाला एक. तुमच्या वॉर्डात किती आहेत ते मोज. पगाराचंही तसंच. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ साली सांगितलं, की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिना किमान वीस हजार मिळावेत, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सएवढे. निपाणी, चिकोडी, गोकाकच्या किती नर्सिंग होममध्ये हे पोचलंय, ते तिथल्या मुलीच सांगतील.

आठ महिने झालेल्या तुला किती मिळतात आणि अठरा वर्षं झालेल्या अक्कांना किती, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. पण अक्कांना ते पैशापर्यंत माहीत असणार. ‘कॉलेज’ या हाकेत थट्टा कमी आणि ते गणित जास्त आहे. ते गणित तू केलेलं नाहीस, त्यामुळे माफी मागायची गरज नाही. पण ते गणित नाहीच असं वागू नकोस.

आमच्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कॉलेजात सांगितली असेल तर चांगलंच. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या गावपातळीवर देता येतील का, याचा मोठा अभ्यास बेळगाव जिल्ह्यातच झाला, जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या संशोधकांबरोबर केलेला. २००२ ते २००५ या काळात १६२० बायका. घरी किंवा सब सेंटरला बाळंत होणाऱ्या. ६०० मायक्रोग्रॅमची गोळी तोंडानं दिली तेव्हा रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. २००६ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आता हे बघ: ती बाळंतपणं केली कुणी, गोळी दिली कुणी, अंगाखाली प्लास्टिकची मापाची पिशवी सरकवून रक्त मोजलं कुणी? पंचवीस ए.एन.एम. बायकांनी. कंदिलाच्या उजेडात मापाची रेघ वाचायची म्हणजे काय, ते मी सब सेंटरला असल्यामुळे डोळ्यांसमोर आणू शकते. जगभरच्या पुस्तकांत गेलेला तो आकडा ‘फक्त ए.एन.एम.’ हातांनी मोजलेला आहे.

हे सांगितलं म्हणून अक्का सगळं बरोबर करतात असं नाही. आता ग्लोव्ह्जकडे येते, आणि त्यासाठी इन्सुलिनची गोष्ट सांगावीच लागेल. ती मला अजून टोचते.

निवृत्तीनंतर मी एका खासगी दवाखान्यात काही वर्षं देखरेखीला होते. फीमेल मेडिकल वॉर्ड, संध्याकाळची वेळ, जेवणाचे ट्रे यायच्या आधीची घाई. एका बाईला वीस युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. तुला माहीत आहे, आपल्याकडं बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक एका मिलीत ४० युनिटचं येतं, त्याची सिरिंज लाल टोपीची. पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं, त्या मापाची सिरिंज नारिंगी टोपीची. त्या दिवशी बाटली संपली होती, पेशंटच्या घरच्यांनी पेनचं कार्ट्रिज आणून दिलं, पेन घरीच राहिलं. तिथल्या ए.एन.एम. अक्कानं कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत ओढलं. लाल सिरिंजची वीसची रेघ म्हणजे अर्धा मिली. १०० युनिटच्या इन्सुलिनचा अर्धा मिली म्हणजे पन्नास युनिट. वीसच्या जागी पन्नास.

शेजारी नवीन बी.एस्सी. मुलगी होती. तिच्या लक्षात आलं आणि तिनं अक्काचा हात धरला. इथपर्यंत तिला शंभर पैकी शंभर. पण पुढं ती ओरडली, ‘अक्का, पेशंटला मारायचंय काय तुम्हाला? वाचता येत नाही काय?’ सगळा वॉर्ड बघत होता. पेशंटची सून, शेजारच्या खाटेवरचे, चहावाला पोरगा. अक्का काहीच बोलली नाही. सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि बाहेर गेली. मी तिथं दारातच उभी होते. मी त्या मुलीला ‘शाब्बास’ म्हटलं. अक्कामागं मी गेले नाही.

त्या रात्रीपासून पेशंटचे नातेवाईक अक्काच्या हातचं इंजेक्शन घेईनात. ‘त्या सिस्टरला पाठवू नका’ म्हणू लागले. तीन आठवड्यांनी एका सकाळी मला औषधाच्या ट्रेमध्ये ॲन्टिबायोटिकची न फोडलेली बाटली दिसली. चार्टवर रात्री आठच्या डोसला टिक आणि सही. अक्काला लिनन रूममध्ये बोलावून विचारलं. ती म्हणाली, ‘विसरलो ओ मॅडम. साडेअकराला आठवलं. (आमच्याकडं बायकाही ‘मी विसरलो, मी येतो’च म्हणतात.) सांगायला आलो होतो, पण ती होती ड्यूटीला. परत सगळ्यांसमोर... नको वाटलं. टिक मारलो.’

उशिरा आठवलेला डोस डॉक्टरला विचारून देता आला असता. सांगितलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. अठरा-वीस वर्षांत बहुतेक पहिल्यांदा तिनं खोटी टिक मारली, आणि ती मारायला तिला आम्ही दोघींनी शिकवलं. त्या मुलीनं ओरडून, मी गप्प राहून.

खोटी टिक कुठल्याही परिस्थितीत माफ नाही, हे मी अक्काला तेव्हाच सांगितलं, लेखी घेतलं, डॉक्टरांना कळवलं. पण त्यानंतर वॉर्डात जे केलं ते तुलाही करता येईल म्हणून सांगते. जी औषधं चुकली की माणूस जातो, ती दोघींनी बघायची आणि दोघींनी सही करायची. इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम, मॅग्नेशियम सल्फेट, आणि रक्ताची पिशवी. कोण मोठी कोण धाकटी बघायचं नाही, मी काढलं तरी दुसरीनं बघायचं. पहिल्या दिवशी मी स्वतः इन्सुलिन काढलं आणि मुद्दाम त्याच अक्काला हाक मारून म्हटलं, ‘अक्का, बघा की जरा, बरोबर आहे काय?’ तिनं सिरिंज उजेडाकडं धरून नीट बघितली. मान हलवली. सही केली. दोन आठवड्यांत ‘बघा की जरा’ हे वॉर्डातलं रोजचं वाक्य झालं. ज्या वाक्यात संशयाचा वास होता तो गेला, कारण आता ते सगळ्यांनाच लागू होतं.

तेव्हा ग्लोव्ह्जच्या बाबतीत हसण्यावर नेऊ देऊ नकोस, पण वॉर्डात उभं राहूनही बोलू नकोस. ‘अक्का, दोन मिनिटं जरा आत येता काय?’ असं म्हणून आत बोलाव. आणि विचार, का घालत नाही. मला स्वतःला तीन कारणं मिळालीत आजवर. एका बाईला रबरानं हाताला पुरळ उठत होतं आणि ती लाजेनं सांगत नव्हती. एका वॉर्डात स्टोअरवाला मोजून ग्लोव्ह्ज द्यायचा आणि अक्का ते ड्रेसिंगसाठी राखून ठेवायची, म्हणजे ती हलगर्जी नव्हतीच, काटकसर करत होती. आणि तिसरी खरोखरच आळशी होती. पहिल्या दोघींना उपाय वेगळा, तिसरीला वेगळा. तिसरी निघाली तर मेट्रनकडं लेखी दे, बिनधास्त दे. वय, अनुभव, अक्का म्हणणं हे सगळं बाजूला. रक्त आणि सुई यांच्या बाबतीत मानापमान नाही.

आणखी एक, ज्यात नवीन मुली फसतात. अक्कांनी काम केलं आणि सही तू केलीस, असं किती वेळा होतं? कॅथेटर अक्कांनी घातला, चार्टवर तू. बी.पी. मावशीनं मशीन लावून बघितलं, आकडा तू लिहिलास. कुणी दांडगाई करून नाही, घाईत होतं. पण उद्या काही झालं तर विचारणारा सहीच बघतो. आणि अक्कांच्या बाजूनं बघ: काम तिचं, नाव तुझं. म्हणून ज्यानं केलं त्यानं लिहायचं. अक्कांच्या हद्दीत नसलेलं काम असेल तर ते त्यांनी करायचंच नाही, तू कर. ‘अक्का करतात की, त्यांना सवय आहे’ म्हणून आपण खुर्चीवर बसायचं आणि वर त्यांनी आपलं ऐकावं म्हणायचं, हे जमत नाही.

ओव्हरबद्दल, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला द्यायची त्याबद्दल. तुमच्याकडं ओव्हर टेबलाशी होतो का खाटेशी? टेबलाशी होत असेल तर तो खाटेशी ने. आणि ज्या पेशंटचं अक्कांनी केलंय त्यांचा ओव्हर अक्कांनाच देऊ दे, तू मागून औषधं आणि रिपोर्ट जोड. पहिले दोन दिवस लांबेल, नाईटवाल्या कुरकुरतील. चालवून घे. भाषेचंही तिथंच बघ. आपल्याकडं अजून एक घोटाळा असतो, हुद्द्याच्या पायरीवरनं झालेलं भांडण भाषेच्या अंगावर जातं. मराठीवाल्या एका कोपऱ्यात, कन्नडवाल्या दुसऱ्या, केरळच्या मुली बिचाऱ्या तिसऱ्या. खरं तर चिडलेली असते ती नाईट ऑफ कापला म्हणून, पण म्हणते काय, ‘ते लोक आपल्याला असंच करतात.’ ओव्हरच्या वेळी वॉर्डातल्या सगळ्यांना कळेल त्या भाषेत बोल, मोडकं का होईना. ‘अक्का’ हा शब्द बघ किती सोयीचा आहे, कन्नडलाही चालतो आणि आपल्याला तर आहेच. मागं कन्नडमधलं आदराचं एक ‘री’ लावलं की कुणी दुखावत नाही.

कामाची वाटणी कशी होते तेही बघ. बहुतेक वॉर्डांत बेड, बेडपॅन, एनिमा, स्पंजिंग अक्कांकडं, आणि फाईल, औषध, डॉक्टरचा राऊंड बी.एस्सी.कडं. अशी वाटणी झाली की एकीच्या वाट्याला कायम घाण येते आणि दुसरीच्या वाट्याला कायम पेन. त्यापेक्षा पेशंट वाटून घ्या. तुझे सहा, तिचे सहा. तिच्या सहांची इंजेक्शनं रजिस्टर्ड नर्स म्हणून जिची नोंदणी आहे तिनं द्यावीत, पण तुझ्या सहांचा बेडपॅन तू दे. मी सुपरिंटेंडेंट असताना आठवड्यातनं एकदा वॉर्डात बेड करायला उतरायचे. मोठेपणा म्हणून नाही. बेडशीट बदलताना पेशंटच्या पाठीवरचा फोड दिसतो, तो फाईलीत दिसत नाही.

सब सेंटरला असलेल्या मुलींनाही यातलं लागू आहे, पण तिथला गुंता वेगळा म्हणून थोडं सांगते. २०१८ पासून सब सेंटरवर सी.एच.ओ. (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आल्या, बहुतेक बी.एस्सी. किंवा जी.एन.एम. झालेल्या, वयानं पंचविशीच्या, कंत्राटावर. टीमच्या प्रमुख त्या. आणि ए.एन.एम., ज्यांना कर्नाटकात आता प्रायमरी हेल्थ केअर ऑफिसर म्हणतात, त्या कायम नोकरीतल्या, पगारानं जास्त, गावाला वीस वर्षं ओळखणाऱ्या. म्हणजे खुर्ची एकीची, पेन्शन दुसरीची. दोघी एकमेकींवर जळतात आणि दोघींचं बरोबर असतं. तिथं मी पोरींना एवढंच सांगते, गावात पहिल्यांदा जाल तेव्हा अक्कांच्या मागनं जा. गरोदर बाईच्या घरी अक्कांनीच ओळख करून द्यावी. आणि अक्कांना पोर्टलवर एंट्री करताना मदत करा, ‘तुम्हाला येत नाही काय’ न म्हणता. आशाबाईंना या दोघींच्या भांडणात ओढू नका, कारण दोघींचं काम शेवटी त्यांच्याच पायांवर चालतं.

‘कॉलेज’ हाकेचं काय करायचं? मला सब सेंटरवरून जी.एन.एम.ला आले तेव्हा हॉस्टेलात ‘सब सेंटर’ म्हणायचे. वर्षभर. मग एके दिवशी लेबर रूममध्ये आडवं बाळ होतं, मी पोटावर हात ठेवून सांगितलं आणि सोनोग्राफीत तेच निघालं. तरी हाक बदलली नाही, पण तिची चव बदलली. अक्का तुला ‘कॉलेज’ म्हणतात तर ओ दे. काहीतरी विचारायचं असेल तर तुझ्याकडंच येतील, ‘ए कॉलेज, हे औषध कशाचं गे?’ म्हणून. तेव्हा नीट सांग, बाकीच्यांच्या देखत परीक्षा घेतल्यासारखं नको.

इनचार्जपद नकोसं झालं असेल आणि सोडून देऊ का असंही तू शेवटी लिहिलंयस. सोडू नकोस, पण मेट्रनला एक विचार: आठ महिन्यांच्या मुलीला इनचार्ज करताना त्या दोघी जी.एन.एम.ना विचारलं होतं का? नसेल तर त्यांच्यापैकी एकीला आठवड्याआड इनचार्ज करा म्हणून तूच सुचव. यात तुझं काही जात नाही.

आणि उद्या इव्हिनिंगला जाशील तेव्हा औषधाच्या ट्रॉलीचा खालचा खण उघडून बघ. लाल टोपीच्या आणि नारिंगी टोपीच्या सिरिंज एकाच डब्यात असतील तर वेगळ्या कर. दोन डबे घे, वर मोठ्या अक्षरात ४० आणि १०० लिही, मराठीत, कन्नडमध्ये आणि इंग्रजी आकड्यांत. एकटी करू नकोस. अक्कांना बोलाव, ‘अक्का, या की, हे दोघी मिळून लावूया.’